कच्चा डिंक

दाढ आहे का तुमची, की हिरडी सुजली? — नाही नाही, बोलू नका, तोंड उघडूच नका, नुसती मान हलवा. दाढ. मला वाटलंच. गाल असा बाजूनं फुगला की दाढच असते, इथं बसून बसून मला आता सगळं कळायला लागलंय. ही लवंग घ्या, दाताखाली धरून ठेवा, चावू नका. लांबून आलात वाटतं, पिशवीवरून म्हटलं — पारशिवनी? बाप्पा, या थंडीत, एसटीच्या खिडकीशी बसून? पदर घट्ट धरा गालाशी. तुमचा नंबर आमच्यानंतर आहे, तो कंपाउंडर कवडू हाक मारेल, थोडा वेळ लागेल. आत माझा मुलगा आहे, त्या हिरव्या पडद्यामागं. आज शेवटचं काम, पक्की कॅप बसवून राहिले डॉक्टर. मी पेशंट नाही हो, माझे दात चांगले आहेत, मी अशीच सोबत येते. तो म्हणतो, आई, तू काहून येतेस, मी दोन लेकरांचा बाप आहे. मी म्हणते, घरी तरी काय करू — तेवढंच रिक्षात शेजारी बसणं होतं.

अमेरिकेत असतो तो. नाव ताराचंद — तिकडे टेरी म्हणतात, त्या लोकांना ताराचंद जमत नाही अन् आमच्या यांना टेरी जमत नाही. इंजिनिअर आहे. पण इतक्या लांबून नुसते दात करायला आला असं समजू नका हां — म्हणजे दात करायचे होतेच, पण मुख्य काम वेगळं. तो नागपूर बघायला आलाय. हसू नका ताई, दुखेल. इथंच जन्मला, इथंच सायकलवर हिंडला, तरी बघायला आला — बायको-लेकरं घेऊन कायमचं परत येता येईल का, ते बघायला. पाणी कसं आहे, वीज किती जाते, मुलांना शाळा कोणती, नोकरीचं काय. सूनबाई, शामला, तिनंच सांगितलं म्हणे, आधी तुम्ही एकटे जाऊन बघून या, मग ठरवू. शहाणी आहे पोरगी. अन् दातांचं म्हणाल तर ते मी सुचवलं. वर्षभर नुसता 'बघू, बघू' करत होता फोनवर. मग दाढा दुखायला लागल्या, एक नाही, चांगल्या तीन, अन् तिकडे दाताचा डॉक्टर इतका महाग की तेवढ्यात माणूस नागपूरला येऊन, दात करून, वर सगळ्यांना साड्या घेऊन जाईल. मी म्हटलं, अरे मग इकडेच ये की, दात पण होतील अन् गाव पण बघून होईल. निघाला! आईनं बोलावलं तर सुट्टी नसते, दाढेनं बोलावलं की असते. — नाही, मी रागानं नाही म्हणून राहिले. दाढ म्हणजे काय असतं ते तुमच्याइतकं आज कोणाला कळणार?

आता बघायला येणं म्हणजे कसं — तुमच्याकडे मुली असतील तर तुम्हाला माहीत आहे. घर झाडायचं, चादरी बदलायच्या, जे दाखवायचं ते पुढं, जे नाही दाखवायचं ते मागच्या खोलीत. मला अगदी तसंच झालं होतं. आम्ही मुलीकडचे, अन् मुलगी कोण, तर नागपूर. इथं नंदनवन वस्तीत आमचं घर आहे, नवीनच, वर दोन खोल्या चढवल्या मुद्दाम त्याच्यासाठी. यांनी, म्हणजे चंपतरावांनी, आमच्या नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतला त्या वर्षीचा सगळा बहार त्या खोल्यांत घातला, अन् वर तिकडच्या पद्धतीचा खुर्चीसारखा संडास बसवला. आमच्या गल्लीत पहिला. लोक बघायला यायचे. एक म्हातारबुवा तर चप्पल काढून आत गेले. ताराचंद आला, त्यानं वर-खाली सगळं पाहिलं, म्हणाला, छान आहे. मी दर रविवारी कांदेपोहे केले. तो हसला, म्हणाला, आई, पोहे मला का देतेस, मी काय मुलगी बघायला आलोय? मी म्हटलं, खा, गप. — माझी गंमत सांगू का? यांच्या आधी मला एक उमरेडचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, दोनदा मागून पोहे खाल्ले, त्याचे वडील म्हणाले, घरी जाऊन कळवतो. अजून कळवूनच राहिले.

तर पाणी. वरच्या टाकीत पाणी चढत नाही, ही आमची अडचण. खालच्या नळालाच ते करंगळीएवढं येतं. अन् तो तर पहिल्याच दिवशी वर गेला, नळ सोडला अन् बघत उभा राहिला — मोठ्या डॉक्टरनं नाडी धरावी तसा. नशीब, आदल्या दिवशी भरून ठेवली होती टाकी. मग काय, रोज त्याला जाग यायच्या आत आम्ही दोघं बादल्या चढवायला लागलो. हे खालून द्यायचे, मी जिन्यावरून न्यायची, गच्चीवर टाकीत ओतायची. आवाज नको म्हणून बादलीच्या कडीला चिंधी बांधली. — अगं बाई, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही कुठं बोलणार नाही, नाही का? तुम्हाला तर आज बोलताच येत नाही. गुडघे जरा धरले, पण तो चहा पिताना म्हणाला, वर पाणी चांगलं आहे गा बाबा, अन् यांचा चेहरा असा झाला, जसं काही स्वतःच आभाळातून पाडलं.

पण ताई, आम्ही एवढं करून राहिलो अन् हे नागपूरचे लोक! हिंगण्याकडे एका कारखान्यात नोकरीचं विचारायला गेला, तर साहेबांनी चहा पाजला अन् म्हणाले, वेडे आहात का, लोक तिकडे जायला रडून राहिले अन् तुम्ही परत येता? वरून, माझ्या भाच्याचं तिकडे काही जमतं का बघा. शाळेत चौकशीला गेला, तर हेडमास्तर तेच — माझ्या मुलाचं बघा. मामेसासऱ्यांकडे जेवायला गेलो, तिथं तेच. ज्याच्या दारात नेला तो म्हणे, येऊ नकोस, अन् आमच्याला घेऊन जा. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्याला शेजाऱ्यांनीच गाठून सांगावं, नका करू हे स्थळ, असं झालं की नाही? एक आपले डॉक्टर तेवढे बोलले नाहीत. ते म्हणाले, तोंड उघडा. म्हणून मला हा दवाखाना आवडतो.

अन् काम किती मन लावून करतात! आधी नस काढली, मग माप घेतलं, मग ते माप कॅप करायला मुंबईला पाठवलं, अन् ती येईपर्यंत कच्ची कॅप बसवून दिली. कॅप वेळेवर आली असती तर तो मागच्या आठवड्यातच — म्हणजे कॅप वेळेवरच आली हो, तिकीटही ठरलं होतं, पण ती बसवायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं डिंकाचा लाडू खाल्ला अन् कच्ची कॅप लाडवासकट बाहेर. नुसती कॅप नाही, कॅपखालच्या दाढेचा टवकाही उडाला. मग ती दाढ पुन्हा कोरली, पुन्हा माप, पुन्हा मुंबई. तिकीट पुढं ढकललं, आता उद्याचं आहे. तो चिडला नाही, उलट हसला, म्हणाला, आई, तुझा लाडू आहे की गिट्टी?

तुम्ही करता ना डिंकाचे लाडू? मग तुम्हाला कळेल. डिंक तुपात सोडला की लाहीसारखा फुलवायचा, एकेक खडा, मंद आचेवर. घाई केली तर वरून फुलतो अन् आत कच्चा राहतो, अन् कच्चा राहिला की दाताला असा धरतो की सोडत नाही. मला त्या दिवशी घाई होती. — कसली घाई? आता, घाई म्हणजे घाई. लग्न होऊन आले तेव्हापासून दर थंडीत करते, सासूबाई कोणाच्याच हातचं खात नव्हत्या, पण माझा लाडू खायच्या. कधी कच्चा राहिला नाही. त्या दिवशी राहिला. होतं असं. डॉक्टरांनी ती कॅप चिमट्यात धरून उजेडात पाहिली, डिंकाचा खडा तसाच चिकटलेला, काचेसारखा — मग माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणाले, गोपिकाताई, तूप जरा जास्त तापू द्या. बस, एवढंच. मी म्हटलं, हो. ते कुठं जाऊन सांगणारे नाहीत. — असं काय बघता? मी मुद्दाम केलं नाही. आईच्या हातून मुद्दाम असं होतं का? तो आठवडा मात्र फार छान गेला, ते खोटं नाही सांगत. नोकरी नाही, शाळा नाही, काही बघायचं राहिलंच नव्हतं, नुसता घरी होता. माझ्याशेजारी बसून वालाच्या शेंगा मोडल्या. यांच्याबरोबर नरखेडला जाऊन बागेत झोपला बाजेवर. मला वाटलं, बघायला आलेला माणूस आता राहायला लागला.

काल रात्री जेवताना यांना राहवलं नाही. खरं तर मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं, वाट बघायची असते, पण हे बागाईतदार माणूस, झाडाला लागलं की नाही ते सरळ वर बघून सांगणारे. म्हणाले, "तुले जमते का नाही जमत, सांगून टाक ना गा. मले वरच्या खोल्याइले रंग द्यायचा आहे." ताराचंद घास घेऊन थांबला. मग म्हणाला, तिकडे जाऊन शामलाशी बोलतो अन् कळवतो. — हो, तेच म्हणाला. पण ते उमरेडचे लोक वेगळे, परके होते. हा आपला मुलगा आहे. आपला मुलगा 'कळवतो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कळवतोच असा होतो, नाही का? — तुम्ही मान हलवली नाही. असू दे, दुखत असेल.

अन् मग मी भांडी आवरत होते तर मागून आला, अन् हळूच म्हणाला, "आई, उद्यापासून बादल्या नको चढवू. तुझे गुडघे वाजतात ते मला वर ऐकू येतं." सगळं माहीत होतं त्याला! पहिल्या दिवसापासून पडल्या पडल्या ऐकत होता. अन् तरी रोज चहा पिताना म्हणायचा, वर पाणी चांगलं आहे. असा आहे माझा मुलगा. मला इतकं बरं वाटलं — म्हणजे आधी लाज वाटली, मग बरं वाटलं. म्हटलं, ज्याला आईच्या गुडघ्यांची एवढी काळजी, तो काय — म्हणजे बादल्या चढवायला नको म्हणतो म्हणजे मोटर बसवेल. यांना पण मी तेच सांगितलं, मोटर बसवेल तो. हे तोंड फिरवून झोपले.

थांबा — ऐकू येतं का? झालं वाटतं. ती घरघर बंद झाली. आता आरसा देतील हातात. डॉक्टरांचा आवाज — ऐका, ऐका — म्हणून राहिले, एकदम पक्कं काम आहे, सुपारी फोडा. पाहिलं? तिकडचे डॉक्टर असं म्हणतील का? अन् हा आमचा. दात करून घेतले पण बारीकसारीक विचारायची सवय जात नाही, लहानपणापासून — काय विचारतो बघा — "डॉक्टर, मुलांची कॉलेजं होईपर्यंत तरी यासाठी परत यावं लागणार नाही ना?" — हे बघा, असा विचारी. पुढचं सगळं बघून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, नाही, नाही, माझी खात्री. ऐकलं तुम्ही? खात्री देतात. तुमची दाढ पण अशीच पक्की करून देतील, काही घाबरू नका. मुलांची कॉलेजं होईपर्यंत म्हणजे काय थोडं झालं? थोरला आता चौथीत आहे. अन् धाकटी तर अजून — धाकटी तर या वर्षी पहिलीत —

...

हो. हो कवडू, ऐकलं, या बाईंचा नंबर. जा ताई. माझी पिशवी असू द्या, मी घेते. आधी ती लवंग थुंकून टाका, डॉक्टरांना तोंडात काही चालत नाही. जा तुम्ही, जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदनवनातल्या त्या घरी खालच्या नळाला करंगळीएवढं पाणी आलं, अन् वर कोणी बादली चढवली नाही. विमानाला वेळ होता तेवढ्यात गोपिकाबाईंनी कढईत तूप चांगलं तापू दिलं, डिंकाचा एकेक खडा लाहीसारखा फुलवला, बोटानं दाबून पाहिला, अन् लाडू वळून ताराचंदच्या बॅगेत डबा भरून दिला.