सहाच, पण काय सहा

…आणि वर मलाच म्हणतात, "गिअर टाकतोयस की बरणीत चमचा ढवळतोयस?" बाहेर पंचेचाळीस डिग्री, गाडीत एसी नाही, सीट अशी तापलेली की अंडं फोडलं तर ऑम्लेट व्हावं, स्टीअरिंग वळवताना खांदे भरून येतात, आणि शेजारी माझा पंच्याऐंशी वर्षांचा बाप, खिडकीवर कोपर टेकवून, राजासारखा! तुम्हाला सांगतो, हीच गाडी एकदा चालवायला मिळावी म्हणून मी चाळीस वर्षं वाट बघितली होती. चाळीस!

मी गार्थ. हे माझे बाबा, क्लेम ट्रेगेन्झा, उभी हयात इथल्या ब्रोकन हिलच्या खाणीत गेली. आता आमच्या गावात कसंय, मूल जन्मलं की आधी विचारतात होल्डन गाडीवालं की फोर्डवालं, मुलगा की मुलगी ते नंतर. दोन्हीकडच्यांना आठ सिलिंडरांची मस्ती. आणि बाहत्तर साली आमचे तीर्थरूप ॲडलेडला गेले, पाचशे किलोमीटर, आणि घेऊन काय आले? व्हॅलियंट चार्जर! म्हणजे ना वरपक्षाचे ना वधूपक्षाचे, मांडवात तिसरेच. वर सहा सिलिंडर. अख्खं गाव हसलं. "क्लेम, उरलेले दोन वाटेत पडले का रे?" बाबा शांत. म्हणाले, "सहाच, पण काय सहा."

तेव्हापासून पन्नास वर्षं घरात हेच. इतिहास मला विचारूच नका, मला बाराखडीच्या आधी तो पाठ होता. एकाहत्तरला व्हीएच मॉडेल, मग व्हीजे, मग व्हीके, मग सीएल, अठ्ठ्याहत्तरला खेळ खलास. उण्यापुऱ्या सात वर्षांचा संसार! नाश्त्याला अंडी उकडत असली की हे सुरू, "तीन कार्बुरेटर, गार्थ, तीन! पाव मैल साडेचौदा सेकंदांत!" बाथर्स्टची शर्यत मात्र एकदाही जिंकली नाही, हं. बाहत्तरला तिसरी आली. पण बाबा ते असं सांगतात की पहिल्या दोन गाड्या चुकून पुढे गेल्या असाव्यात. त्याच वर्षी पेपरवाल्यांनी बोंब मारली, असल्या भन्नाट गाड्या रस्त्यावर आल्या तर पोरं मरतील, मंत्री घाबरले, कंपन्यांनी दम आवरता घेतला, पाठोपाठ पेट्रोल महागलं… इथे बाबांचा आवाज दर वेळी बसतो. कुणी घरचं गेल्यासारखा. आणि मग अंड्याचं टरफल काढत हळूच, "सहाच, पण काय सहा."

आता चार्जरच्या सलामाचं सांगतो. चार्जरची जाहिरात निघाली तेव्हा त्यात लोक गाडी बघून दोन बोटं वर करायचे, आणि सगळ्या देशाला ते वेडच लागलं. चार्जर दिसली की दोन बोटं, आणि चालवणाऱ्याने उलट दोन बोटं. तळवा समोर असेल तर सलाम, तळवा आपल्याकडे फिरवला तर शिवी, एवढं लक्षात ठेवायचं. बाकीचा देश विसरला असेल, आमचं गाव विसरलं नाही. बाबांनी पन्नास वर्षांत एकही सलाम उधार ठेवलेला नाही. माझी स्वतःची गाडी जपानी, पांढरी. तिला कुणी हात करत नाही. मलाही नाही.

तर आमच्याकडे कायदा असा, की पंच्याऐंशीला पोचलात की गाडी चालवून दाखवायची, नाहीतर गावापुरतं लायसन्स घ्यायचं, परीक्षा नको. मी म्हटलं, घ्या की गावापुरतं! तर म्हणाले, "आणि ॲडलेडला चार्जरवाल्यांचा मेळा भरतो तिथे काय उडत जाऊ? पाव आणायला घेतली होती का मी ही?" बरं, खरं सांगू? माझा जीव त्यांच्यापेक्षा जास्त टांगणीला होता. आई गेल्यापासून ह्या माणसाकडे दोनच गोष्टी होत्या, ती गाडी आणि ते लायसन्स. त्यातली एक गेली तर दुसरीचं काय करायचं?

आणि मी चूक केली. एकच. क्लबात बार सांभाळणाऱ्या बार्नीला म्हटलं, "मंगळवारी दहाला बाबांची परीक्षा आहे, जरा धीर द्या त्यांना." धीर! अहो, बार्नीला सांगणं म्हणजे खाणीचा भोंगा वाजवणं.

मंगळवारी दहाला तपासनीस बाई आल्या, कर्स्टी क्वेल, सिडनीहून नुकती बदली, हातात कागद लावलेली पाटी, तोंडावर हसू नाही. बाबा इस्त्रीच्या शर्टात. गाडी नारिंगी, चकचकीत. गाडी सुटली, अर्जेंट स्ट्रीटला वळली, आणि मी फुटपाथवर उभा… बघतो तर काय! रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं! बेकरीवाले, निवृत्त खाणवाले, पोस्टातली बाई, चर्चचा पाद्री, सगळ्यांची दोन बोटं वर!

पुढचं बाईंनीच सांगितलं मला.

"मिस्टर ट्रेगेन्झा, दोन्ही हात चाकावर."

"हो हो, बाई." आणि एक हात वर.

"मिस्टर ट्रेगेन्झा!"

"हा शेवटचा, बाई. तो नॉर्म आहे, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुद्दाम उभा राहिलाय बिचारा."

पुढे गॅरेजसमोर फोर्डवाले ओळीने उभे, आणि त्यांची बोटं उलटी! बाई दचकल्या. "अहो, हे शिव्या देताहेत तुम्हाला!"

"फोर्डवाले आहेत, बाई. प्रेमच आहे ते." आणि त्यांनाही हात. मधल्या मधे बाईंना तीन कार्बुरेटरही सांगून झाले.

परत आले. एकोणीस वेळा हात सुटला होता. बाकी सगळं बिनचूक, आरशात बघणं, थांबणं, मागे घेणं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. बाईंनी नापास लिहिलं. लिहिताना त्यांचाच चेहरा उतरलेला. खाली उतरल्या, दार लावलं, दोन पावलं गेल्या, आणि वळून… दोन बोटं वर केली. बाबांनी विसावा हात केला.

मी म्हटलं, "बाबा, पुन्हा बसता येतं परीक्षेला. गावाला मी गप्प करतो. एकदा, फक्त एकदा हात आवरा!"

म्हणाले, "गार्थ, माणसं हात करतात आणि मी नाक वर करून पुढे जाऊ? मग पन्नास वर्षं काय केलं मी?"

दोन दिवस गॅरेजचं दार उघडलं नाही त्यांनी. अंडी उकडली, पण सीएल नाही, व्हीएच नाही. ती शांतता मला सहन होईना, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी माझ्या बशीशेजारी किल्ली. मी हात पुसून ती उचलली. म्हणाले, "एक अट आहे. तुझे दोन्ही हात चाकावर. सलाम मी घेणार."

तेव्हापासून हे असं. घाम माझा, लायसन्स माझं, आणि बाबांना आता दोन्ही हात मोकळे, दोन्ही हातांनी सलाम घेतात! परवा बसस्टॉपवरच्या एका बाईने माझ्याकडे बघून, नीट माझ्याकडे बघून बोटं वर केली. माझा हात जरा उचलला गेला, तर मनगटावर फटका. "चाक!"

काल क्लबासमोर थांबलो. बार्नीने खिडकीत डोकं घातलं. "काय क्लेम, नवा ड्रायव्हर कसा आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, गिअरपर्यंत. विचार केला. म्हणाले, "तीनच सिलिंडर."

मी थांबलो. बार्नी थांबला. पुढे काही नाहीच! बाबा खिडकीबाहेर हात करायला लागले. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं वाट बघितली मी… निदान "पण काय तीन" तरी म्हणायचं की नाही?