डावीकडचं पेडल

नाही हो को बिंग, घंटी नको, घंटीचं काय करू — पेडल म्हटलं मी, पेडल! डावं. जोडीच घ्यावी लागत असेल तर जोडी द्या, पण खरं काम डाव्याचं. आणि जरा हात चालवा, कारण आज शुक्रवार, सगळे पुरुष मशिदीत, तुम्हाला नमाज नाही, म्हणून अख्ख्या रस्त्यावर तुमचं एकट्याचं दुकान उघडं — म्हणून तर आत्ता आले. नमाज सुटायच्या आत ही सायकल आमच्या अंगणात जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. घडी करून टॅक्सीत घालून आणलीय. ड्रायव्हर बाईच होती, नाहीतर या वेळी कोण मिळतंय! तर ती अदबीनं विचारते, इबू, तुम्ही पण चालवता? — आणि बघते कुठे, तर माझ्या गुडघ्यांकडे.

माझी कसली, आमच्या ह्यांची आहे. सगळे मानानं बापाक म्हणतात ते विग्न्यो, बंदराच्या कचेरीत होते, आता निवृत्त. ओळखता ना? मान हलवायला एवढा वेळ? असू दे. तर निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं — खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि बसले. सकाळ तिथंच, संध्याकाळ तिथंच. चष्मा हरवायचा, छत्री हरवायची, आता तर कचेरीचा चामडी पट्टा हरवलाय, कमरेचा पट्टा हरवतो का हो कुणाचा? मग गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांनी उठवलं त्यांना, घडीच्या सायकली घेतल्या, हिरव्या बनियनी शिवल्या, आणि ह्यांना केलं अध्यक्ष. दर रविवारी डोंगरावरच्या सेमारांगातून खाली समुद्राकडच्या सेमारांगात. गोंबेलचा उतार नुसता बसून उतरायचा, खाली शेंगदाण्याच्या रशातलं सोयाबीनचं ताहू हाणायचं, वर ग्लासभर गोड चहा — आणि परत येताना? परत येताना सायकली घडी करायच्या, पिकअपमध्ये रचायच्या आणि वाऱ्यावर गाणी म्हणत वर यायचं. ह्याला म्हणे व्यायाम! जाताना जेवढं वजन असतं त्याहून जास्त घेऊन येतात सगळे.

म्हणून पेडल घडी होणारंच हवं. नाहीतर पिकअपमध्ये शेजारच्याच्या चाकात घुसतं आणि मग अध्यक्षांचीच सायकल अशी कशी म्हणून बोलणी. घडी होणारं, ह्याच मापाचं, ह्याच काळ्या रंगाचं, बाजूला हीच लाल काच — थोडक्यात, हेच. पण हे नको. पाय न घसरणारं. हे बघा, कसं गुळगुळीत झालंय, साबणाच्या वडीसारखं. तुमच्याकडे ते खरखरीत, दातेरी असतं ना, तसलं, पण दिसायला असंच. त्यांना कळता कामा नये. दर गुरुवारी फडक्यानं पुसतात हो, पोरांची नाकं पुसली नाहीत कधी एवढ्या मायेनं! नवंकोरं दिसलं की विचारतील. मी ठरवलंय, पायरीवर जरा घासायचं, चार ओरखडे काढायचे, चिखल फासायचा.

हो, काढून बघितलं ना घरी. नाही निघालं. शेजारून पाना आणला, त्यावर उभी राहिले, अक्षरशः उभी — जेवढं फिरवावं तेवढं घट्ट. अहो, अहो, तुम्ही उलटं काय फिरवताय? तुटेल! … निघालं की. म्हणजे डाव्याचे आटे उलटे असतात? आणि मी मेली अर्धा तास आवळतच होते. डावीकडचं सगळंच उलटं आहे ह्या माणसाचं.

काही नाही. असंच म्हटलं.

बरं, सांगते. तुम्हाला सगळी गल्ली को म्हणते ना, थोरला भाऊ, मग भावासारखं ऐका आणि इथंच पुरा. गेल्या शुक्रवारी मशिदीतून आले ते पायात दोन वेगळ्या चपला घालून. उजवी त्यांची, डावी कुणाची तरी. आता ते काय, गर्दीत होतं, सगळ्यांचंच होतं. मीही हसले. पण ती चप्पल एवढीशी होती हो, पोराची असावी, टाच बाहेर, अंगठा बाहेर, आणि हे एवढा रस्ता त्यात चालत आले, दारात उभं राहून माझ्याशी गप्पा मारल्या, आणि पत्ता नाही! चप्पल काढली तर पट्ट्याखाली कातडं सोललेलं, रक्त आलेलं. मी म्हटलं, दुखत नाही का? तर म्हणाले, हो हो, दुखतंय ना. मी विचारल्यावर दुखायला लागलं! साखर आहे त्यांना, माहीत आहे मला. डॉक्टरनं सांगितलं होतं, पायाचं भान जातं म्हणून. पण हे मला सांगत नाहीत, आणि मला कळलंय हे मी त्यांना सांगत नाही. सांगितलं की सायकल बंद करावी लागेल. सायकल बंद म्हणजे पुन्हा ती खुर्ची. खुर्चीत बसलेला तो माणूस मला नको, को. आणि गोंबेलच्या उतारावर मागे ट्रक असताना पाय घसरला तर — मला भीती वाटते. रविवारी ते परत येईपर्यंत मी भात चुलीवर ठेवते आणि विसरते. दोनदा करपलाय.

तुम्ही काही बोलत का नाही? दगडाशी बोलल्यासारखं वाटतंय. आहे का तसलं पेडल की नाही? …हे काय, खालून काय काढलंत? अगदी असंच आहे की! काळं, लाल काच, खरखरीत… घडी होतं? होतं. बघा, होतं आणि मघापासून गप्प! पण ह्याला पट्टा का? आणि फक्त डाव्यालाच? उजव्याला नाही, डाव्याला आहे. असलं कोण मागतं हो, एकाच पायाला —

थांबा.

द्या इकडे. हे भोक मी पाडलंय. साखर लागली, कंबर उतरली, पट्टा सैल व्हायला लागला, तेव्हा खिळा तापवून मी पाडलं होतं, तिरकं गेलं म्हणून हसले होते मला. हा कचेरीचा पट्टा आहे त्यांचा. कापून शिवलाय. स्वतः शिवलाय, टाके बघा ना, असले टाके दुसरं कोण घालणार!

कधी आले होते? आणि सांगू नका म्हणाले. मला सांगू नका म्हणाले ना? हो का नाही तेवढं — बरं, नका बोलू. कळलं. म्हणजे पाय घसरून झालाय. एकदा तरी.

आणि न्यायला कधी येणार? आज? नमाज सुटल्यावर, सायकल घेऊन? अहो, सायकल इथं आहे! घरी जातील आणि अंगण रिकामं! तरी मशिदीच्या दारात भाताचे डबे वाटतात शुक्रवारी, तिथं उभ्यानं गप्पा मारतील थोडा वेळ, पण — लावा, ते जुनं परत लावा, हो, तेच गुळगुळीत. मी आवळलं होतं तसं आवळू नका. त्यांच्यासमोर तुम्हाला एका झटक्यात काढता आलं पाहिजे. टॅक्सी बोलावते मी.

आणि हे बघा, तो पट्टा तुम्ही बसवाल तेव्हा एक भोक सैल बसवा. ते म्हणतील घट्ट करा, ऐकू नका. पडलेच कधी, तर पाय सुटला पाहिजे.

पैसे कसले? मी आलेच नव्हते. बाजूला व्हा, सायकल मी उचलते. आणि मघापासून गप्प आहात ना, आता तसेच राहा.