जोडीचा तास

आई: पुरे आता. मस्करीची कुस्करी होते. किती वेळ चालवणार आहेस हे?

खाटेवरचा: मी मस्करी करत नाही, काकू. तो खरंच बाहेर गेलाय. उद्यापासून सुट्टी ना, म्हणून मॅडमनी बोलावलंय त्याला. येईलच. तुम्ही ती खिडकीजवळची खुर्ची घ्या, ही डुगडुगते.

आई: काकू म्हणे. दोन दिवस गाडीत अंग आंबवून आले, इतके जिने चढून खोली शोधली, दार उघडलं तर समोर तूच. आणि मला सांगतोस, बसा, तुमचा मुलगा येईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत केलीस माझी.

खाटेवरचा: ही म्हण मला येते. तुम्ही चष्मा शोधायला लागलात की बाबा म्हणतात ना.

आई: बघ. कोणाचे बाबा म्हणतात?

खाटेवरचा: त्याचे.

आई: बारक्या, माझ्याकडे बघ.

खाटेवरचा: बघतोय, काकू. त्यानं सांगितल्यासारख्याच आहात तुम्ही. फक्त जरा उंच असाल असं वाटलं होतं.

आई: ही डाव्या भुवईत खूण कसली तुझ्या?

खाटेवरचा: ही? होडीच्या कडेवर आपटलो होतो लहानपणी. वारा उलटा होता. मामानं समुद्राच्या पाण्यानंच धुतली, इतकी झोंबली की माझं रडणं ऐकून किनाऱ्यावरच्या बायका धावत आल्या.

आई: माझ्या शिवणाच्या मशीनवर आपटलास तू. शाळांचे गणवेश द्यायचे होते, माझी घाई चाललेली, तू पायाशी खेळत होतास. उठायला गेलास आणि पत्र्याची कड लागली. पांढरे शर्ट होते सगळे. रक्ताचे डाग निघाले नाहीत, परत शिवले मी.

खाटेवरचा: ती त्याची खूण. त्यालाही आहे एक, असं तो सांगतो. मला दिसत नाही त्याच्या भुवईत, पण तो म्हणतो आहे.

आई: होडी म्हणे. विहिरीत डोकवायचं म्हटलं तरी माझा हात घट्ट धरायचास. तुला रे कुठली होडी?

खाटेवरचा: पाण्याला तो घाबरतो. मी कशाला घाबरू? मी तर सुट्टीनंतर बोटींच्या इंजिनांच्या कोर्सला जाणार. हे इंग्रजीचं वर्ष पार पडलं की पुढे वाटा फुटतात इथे. कोणी नर्सिंगला, कोणी हिशेबाला, कोणी इंजिनांना.

आई: तुझा प्रवेश हिशेबाला झालाय.

खाटेवरचा: त्याचा. तो हिशेबालाच जाणार आहे, काळजी करू नका.

आई: हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? कसलं औषध-बिषध घेतोस का?

खाटेवरचा: नाही हो. जोडीचा तास असतो आमचा. इथे सगळी लांबलांबच्या मुलखांतली मुलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या, एकमेकांची भाषा अजिबात कळत नाही अशा दोघादोघांच्या. म्हणजे बोलायचं तर इंग्रजीतच बोलावं लागतं. जोडीदाराला सगळं विचारायचं. घर कसं आहे, आई काय करते, कशाची भीती वाटते. आणि आठवड्याच्या शेवटी वर्गापुढे उभं राहून ते सांगायचं. पण 'तो' म्हणायचं नाही. 'मी' म्हणायचं.

आई: हे कसलं शिकवणं?

खाटेवरचा: चांगलं आहे. मॅडम म्हणतात, परक्या भाषेत स्वतःचं सांगायला माणूस लाजतो, दुसऱ्याचं सांगायला लाजत नाही. खरं आहे ते. तुमचा मुलगा सुरुवातीला नुसता उभा राहायचा. घामानं शर्ट भिजायचा. नाव सांगतानाच अडकायचा. मुलं हसली असती तरी बरं होतं, सगळी खाली बघत बसायची.

आई: लहानपणापासून अडखळतो तो. शाळेत बाई विचारायच्या तर याची जीभ टाळ्याला चिकटलेली. पुढचे शब्द मीच पुरवायची.

खाटेवरचा: परत पाठवणार होते त्याला. मग मॅडम म्हणाल्या, स्वतःचं राहू दे, आज फक्त जोडीदाराचं सांग. होडीचं सांग. आणि तो उभा राहिला आणि पहिल्या वाक्यापासूनच मी...

आई: मी म्हणजे कोण?

खाटेवरचा: म्हणजे तेव्हापासून सगळं सुरळीत झालं.

आई: जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे मीही ऐकलंय. पण म्हणून कोणी जाऊन तिथेच बिऱ्हाड करत नाही, बाळा.

खाटेवरचा: पाणी देऊ का तुम्हाला?

आई: नको. आणि ही भाषा? परक्या पोराला वर्षभरात अशी येते? काखेत कळसा कळतो त्याला?

खाटेवरचा: तुमची भाषा सोपी आहे, काकू. मला उगीच अवघड वाटली होती.

आई: आणि फोन? दर रविवारी घडाघडा बोलतोस माझ्याशी. कुठे अडणं नाही, काही नाही. मी गल्लीभर सांगत सुटले, कॉलेजनं पोराचं अडखळणं घालवलं म्हणून. आवाज जरा जाड वाटायचा. म्हटलं हवा मानवली नसेल, घसा बसला असेल.

खाटेवरचा: फार छान बोलतो तो तुमच्याशी. मी इथे पडून ऐकत असतो. त्याचं झालं की माझा नंबर. मी माझ्या आईला लावतो. ती म्हणते, हल्ली तू फार मऊ बोलायला लागलास. पूर्वी म्हणे मी आठवणीनं फोनच करायचो नाही.

आई: मागच्या रविवारी मी काय सांगितलं फोनवर?

खाटेवरचा: ते नाही माहीत. त्यानं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवलाही नाही. मी विचारलं नाही, घरचं काही असेल.

आई: ते मी तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही अजून. फक्त माझ्या पोराला सांगितलं.

खाटेवरचा: मग योग्य माणसाला सांगितलंत, काकू.

आई: ऊठ.

खाटेवरचा: काय झालं?

आई: पिशवी घे. आजच निघायचं. मी तुला न्यायला आलेय, घरी तुझी गरज आहे मला. शिक्षण गेलं खड्ड्यात.

खाटेवरचा: माझी पिशवी भरलेलीच आहे. पण मी किनाऱ्याकडे जाणार, पहाटेच्या गाडीनं. माझी आई वाट बघत असेल.

आई: तुझी आई ही इथे उभी आहे. दे हात. ही नखं कुरतडायची सवय कोणाची? हा अंगठा कोणाचा, तुझ्या बापासारखा चपटा? नऊ महिने वागवलंय तुला, मला नको शिकवू. नाव सांग तुझं. खरं नाव.

खाटेवरचा: हात सोडा, काकू.

आई: आधी नाव सांग.

खाटेवरचा: मा... मा... माझं...

आई: हां. माझं नाव. बोल राजा.

खाटेवरचा: मा... झं... ना... ना... ना...

आई: हाच. हाच माझा. असाच बोलतो माझा. रडू नकोस, मी आहे ना. माझं नाव...

दारातला: आई, सोड त्याला.

आई: कोण रे तू?

दारातला: आधी हात सोड त्याचा. असं कोणी धरलं की त्याची बोबडी वळते, मग दोन-दोन दिवस तोंड उघडत नाही. अगं, आणि तू आलीस कधी? कळवायचं नाही का? स्टेशनवर आलो असतो ना मी.

आई: हा आवाज.

दारातला: पाय बघ किती सुजलेत. तरी दर वेळी सांगतो, लांबच्या प्रवासात पाय खाली सोडून बसत जाऊ नकोस. ऐकशील तर शपथ. आणि डॉक्टरांकडे गेलीस का? गळ्याच्या गाठीचं काय म्हणाले?

आई: गप्प बस.

दारातला: म्हणजे कापायची म्हणाले. बाबांना सांगितलंस?

आई: कोणाचे बाबा? दारातून वाकून आत येतोस एवढा ताडमाड, डोळे हे असे घारे. आमच्या सात पिढ्यांत असं कोणी नाही. मी तुला जन्मात पाहिलेलं नाही.

दारातला: पाहिलं नसेल, पण वर्षभर बोलतेस कोणाशी? मशीनचा पट्टा तुटला, गणवेश अडले, तेव्हा कोणाजवळ रडलीस? बाबा जिन्यात घसरले ते शेजाऱ्यांच्या आधी कोणाला सांगितलंस?

आई: तुला.

दारातला: मग?

आई: मला तुझी भीती वाटते रे.

दारातला: मलाही वाटायची आधी, दाढी करताना. आता आरशाशिवाय करतो.

आई: तुला आई असेल तुझी. आठवून बघ. समुद्राकडे कुठेतरी. होडी, मामा, तो किनारा.

दारातला: ती त्याची आई. मी कधी भेटलो नाही तिला. चांगली आहे म्हणतो तो.

आई: कुठे आहेत त्या मॅडम? मी जाते. विचारते, ही कुठली विद्या म्हणून.

दारातला: आत्ताच भेटून आलो. गेल्या त्या. आम्हा दोघांना पैकीच्या पैकी दिलेत. म्हणाल्या, दर वर्षी एखादी जोडी अशी जमते. मी विचारलं, घरचे काही म्हणत नाहीत का? तर म्हणाल्या, आजवर एकाही आईची तक्रार आलेली नाही.

आई: आलेली नाही?

दारातला: नाही. फोन वाजतोय तुझा. बाबा असतील, तू पोचल्याचं कळवलं नसशील.

आई: हॅलो. हो, पोचले. आत्ताच. हो, भेटला. बरा आहे. वाळलाय जरा. बोलते ना, तोच आहे समोर. बारक्या, बाबा आहेत. घे. बोल त्यांच्याशी.

खाटेवरचा: बा... बा...

आई: अडखळ, काही हरकत नाही. अडखळत बोल. त्यांना तसंच ऐकायचंय.

खाटेवरचा: बा... बा... बा...

दारातला: आई, घाबरतील ते. तिकडे एकटे आहेत. अजून कण्हतात ते पाठीनं, धड उठताही येत नाही. दे.

आई: नाही.

दारातला: दे इकडे. ऐक माझं.

आई: हे घे.

दारातला: बाबा, मीच. आवाज गेला होता मध्ये, रेंज नाही इथे. हो, बसवलंय तिला खुर्चीत. पाठ शेकता का? नुसतं हो म्हणू नका. नाही हो, अडखळतोय कुठे, तुम्हाला भास झाला. उद्या निघतो ना. आईबरोबरच येतो. महिनाभर आहे मी घरी, तिचं सगळं बघतो.

आई: बारक्या, तो बोलतोय तोवर ऐक. इकडे बघ, मी हात नाही धरत. तुला जिथे जायचं तिथे जा, मी आडवी येणार नाही. बोटी चालव. मामा म्हण ज्याला म्हणायचं त्याला. फक्त एकदा मला आई म्हण. लागेल तेवढा वेळ घे. मी शब्द पुरवणार नाही.

(खाटेवरच्याचे ओठ दोनदा हलतात.)

खाटेवरचा: काकू, तुम्ही दमलात. त्या पलीकडच्या खाटेवर पडा जरा. ती तुमच्या मुलाची आहे.