मंदाताईंची शंभर पावलं

मंडळी, जमलात, बरं वाटलं. मला सभेत बोलायची सवय नाही. त्यातून आज जे बोलायचंय ते बोलू नये, असं मघापासून वाटतंय. पण मंदाताई गेल्या आठवड्यात गेल्या, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला आता मीच उरलोय.

तुमच्या प्रत्येकाच्या पायाशी एक रोप आहे. त्यांच्या मुलानं, अभयनं, प्रेमानं आणलंय. उद्या सकाळी सात वाजता आपण ती आपल्या टेकडीवर लावणार, आईच्या आठवणीत. जन्मभर शाळेत झाडंपानं शिकवलेल्या बाईंसाठी याहून चांगलं काय? मलाही तसंच वाटलं होतं.

मंडळी, ही ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे.

टेकडीच्या मधल्या उतारावर हीच आहे. कोणी लावली? मी. दर रविवारी, टोपी घालून, फोटो काढून. मंदाताई पहिल्यांदा भेटल्या त्या तिथंच. म्हणाल्या, "अहो पाटणकर, हे जंगल नाही हो, शाळेची कवायत आहे." मी चिडलो. म्हटलं, बाई, उघड्या माळावर झाडं लावली, चुकलं काय? त्यांनी मला खाली बसवलं. "पाला बाजूला करा. खाली काय दिसतं?" काही नव्हतं. गवताची काडी नव्हती.

टेकडीच्या दोन टोकांना मूळचं रान उरलंय. धावडा, मेडशिंगी, करवंदाच्या जाळ्या. मध्ये एका अंगानं बंगले चढले, दुसऱ्या अंगानं माझी बाभूळ. राहिली झुडपांची एक पट्टी. शंभर पावलं रुंद, मंदाताईंनी मोजलेली. बुलबुल इकडची करवंदं खाऊन तिकडे बी टाकतात, ते त्या पट्टीतून. ससेही तिथूनच जातात. ती गेली की रानाचे दोन तुकडे होतील, आणि दोन्ही हळूहळू संपतील. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं!

आता ऐका. परवा अभयनं विचारलं, "काका, टेकडीवर रिकामी जागा कुठंय?" आणि मी, पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर फिरलेला माणूस, ती पट्टी दाखवून मोकळा झालो. झाड नाही म्हणजे रिकामी, ही माझी जुनी खोड. आज सकाळी वर गेलो. खड्डे तयार होते. करवंदाच्या जाळ्या उपटून कडेला टाकलेल्या. मला लाज वाटली. अजून वाटतेय.

काय म्हणालात? ही बोलायची वेळ आहे का? ऐकलं मी. अहो, उद्या सातनंतर वेळच उरणार नाही!

अभय, बाळा, तुझा दोष नाही. राग आला असेल तर माझ्यावर काढ. पण आईच्या नावाची पाटी तिथं लावू नकोस.

उद्या सातला सगळे या. येताना फावडी आणा. खड्डे बुजवायचेत, आणि त्या जाळ्या पुन्हा रुजतात का बघायचंय.

आता मंदाताईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. उठताना रोपं उचलू नका. राहू द्या तिथंच.