ओडेसाची ओळ

डेट्रॉइटमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरात शनिवारी केस सरळ करून घ्यायला रांग लागते. माझ्या पुढे वर्नेल आणि अर्लीन बसल्या होत्या. त्यांच्या तिघींच्या ग्रुपची मुख्य गायिका ओडेसा अल्बम अर्धा टाकून एकटीनं गायला निघून गेली, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

“आज दुपारी रेकॉर्डिंग आहे, अर्लीन. कालच्यासारखं करू नकोस.”

“काल काय केलं मी?”

“ओडेसाची ओळ आता तुझी, तर ती आली की गप्प, आणि मग मागच्या साथीची ‘ऊऽऽ’ तेवढी अगदी सुरात! कुणी विचारलेलं नाही आणि तू आपली उत्तर देतेयस.”

“इतकी वर्षं तेच केलंय गं. तोंड आपोआप थांबतं.”

“रेकॉर्ड कंपनी म्हणतेय, तिच्या जागी नवी मुलगी आणू.”

“आणू दे की.”

“मुळीच नाही! चर्चमध्ये पुढे गाणारीला रडू कोसळलं, तर मागच्या जणी खाली बसतात का? कडवं उचलतात ना?”

“उचलतात.”

“मग उचल. इथंच.”

“इथं? डोक्याला तेल थापलेलं असताना?”

“केसांनी गायचंय का तुला?”

अर्लीननं डोळे मिटले आणि ओळ गायली. पार्लरवालीच्या हातात तापलेला कंगवा तसाच राहिला. ओळ संपली, आणि पुढे कुणाचाच आवाज आला नाही.

“वर्नेल! तुझी ‘ऊऽऽ’ कुठाय?”

“अगं, मी ऐकतच बसले.”

“ऐकायला बाकीच्या आहेत. तू गा. पुन्हा घेते.”