गाण्यातला दुश्मन

तुर्की ड्रिल रॅप ऐकलंयस का रे? खाली बेस घसरत जातो, वर सतारीसारखं काहीतरी रडतं, आणि प्रत्येक गाण्यात आपली गल्ली, आपला दुश्मन. मी आणि सुम्यानं तसंच एक गाणं बनवलेलं, आमच्या टेंभी नाक्यावर. पण आम्हाला दुश्मन कुठला? मग एक मनानंच बनवला, बंटी टकला. शेवटच्या कडव्यात त्याला ठोकलं आणि गाणं टाकलं नेटवर.

परवा टपरीवर एक माणूस आमच्या शेजारी येऊन बसला. मोबाईलवर आमचंच गाणं लावलं, पूर्ण ऐकलं, मग शांतपणे टोपी काढली. डोक्यावर एक केस नाही.

"मला ठोकलंत म्हणे?"

सुम्या चहा तसाच ठेवून उठायला लागला. मी म्हटलं, "दादा, आईशप्पथ, नाव असंच सुचलेलं."

"घाबरतोस काय? आवडलं मला," तो हसला. "आता पुढचं गाणं मी करणार. तुझं पूर्ण नाव सांग."