अहवालातला खोडलेला शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज आपल्या प्रयोगशाळेतून निवृत्त होणाऱ्या आपल्या मॅडम, आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून लवकर आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निमंत्रणात मॅडमची सेवा तीस वर्षं छापली आहे. ती एकतीस आहेत. मी हजेरीपट पाहिला. मला इथे 'मास्तर' का म्हणतात, ते पाहुण्यांना आता कळलं असेल.

मी दहावी पास. मेणात बसवलेल्या ऊतींचे चार मायक्रॉनचे काप काढणं हे माझं काम. जनुकशास्त्र मॅडमच्या जुन्या पुस्तकांवरून स्वतः शिकलो. मॅडम म्हणायच्या, "मास्तर, तुम्हाला सगळं येतं, फक्त गप्प बसणं येत नाही."

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट तिला विचारूनच सांगतो. चार वेळा दिवस गेले, चारही वेळा द्राक्षगर्भ निघाला. बाळ नाही, नुसते पाण्याच्या फोडांचे घोस. सासरी कुजबुज, माहेरी त्याहून जास्त. अशा गर्भात बऱ्याचदा फक्त वडिलांचा जनुकीय वाटा असतो, हे मी वाचलेलं. म्हणून मेहुण्यांशी जरा तुटकच वागत होतो. मॅडमनी चारही वेळचे नमुने कपाटातून काढून जनुकीय तपासणीला पाठवले. वाटा दोघांचाही निघाला. मूळ होतं बहिणीच्या एनएलआरपी७ या जनुकात. त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणून तिच्या स्त्रीबीजातून बाळ घडतच नव्हतं.

तिला समजावं म्हणून अहवालाचं मराठी मी केलं. लिहिलं, 'मातेच्या बीजात दोष.' मॅडमनी 'दोष' खोडून 'बदल' केलं.

"मॅडम, शब्द अचूक आहे."

"असेल. पण हा कागद तिच्या घरी वाचला जाणार, मास्तर. आणि एक प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून. ते तुमचेही आईवडील ना? द्या रक्त."

दिलं. एक बदललेली प्रत माझ्याकडेही निघाली. मला दोन मुलं आहेत. मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

बहिणीनं तो कागद सासरी मोठ्यानं वाचला. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलं तर जमू शकतं, असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा सर्वांत आधी "चालेल की" म्हणाल्या तिच्या सासूबाई.

तिसऱ्या रांगेत निमंत्रणपत्रिका चघळणारी ती माझी भाची. वजन सव्वानऊ किलो. सकाळी मीच केलं.

मॅडम, तो खोडलेला कच्चा कागद माझ्याकडे आहे, परत मागू नका. आयोजकांचे, आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही दोष... मॅडम बघताहेत... काही बदल राहून गेले असतील, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या.